कुटुंबवैद्याची अज्ञात शिक्षणगरज : हृद्रोगचिकित्सेच्या संदर्भात एक परीक्षण

ज्याला जे ठाऊक नाही ते त्यालाच विचारून निश्चित करावयाचे, ही रीत कोणत्याही शास्त्रात मान्य होण्यासारखी नाही. परंतु वैद्यकव्यावसायिकांच्या पुनःशिक्षणाच्या क्षेत्रात ती कित्येक दशके निर्वेधपणे चालत आलेली आहे. एखादा अभ्यासवर्ग योजावयाचा झाला म्हणजे परिसरातील डॉक्टरांकडे प्रश्नावली धाडली जाते, कोणत्या विषयावर व्याख्यान हवे ते विचारले जाते, आणि आलेल्या उत्तरांची बेरीज करून तिला ‘शिक्षणगरज’ असे भारदस्त नाव दिले जाते. हृद्रोगापुरते बोलावयाचे तर अशा यादीत नवी औषधे, नवी उपकरणे आणि शस्त्रक्रियेतील नवी तंत्रे ह्यांनाच मानाचे पान मिळावे हे स्वाभाविक आहे. पित्त समजून घरी पाठविलेल्या रोग्याविषयी आपणांस काही शिकवा, असे मात्र कोणी लिहून देत नाही. कारण तो रोगी पित्ताचा नव्हता हे पाठविणाऱ्यास बहुधा कधीच कळलेले नसते.

येथे तीन गोष्टी परस्परांपासून निराळ्या केल्या पाहिजेत. मागणी ही पहिली. डॉक्टरला स्वतःला जाणवलेली उणीव ही दुसरी. आणि त्याच्या कामात प्रत्यक्ष असलेली, परंतु त्याला न जाणवलेली उणीव ही तिसरी. ह्या तिसरीस अज्ञात गरज म्हणतात. ‘अज्ञात’ हा शब्द थोडासा फसवा आहे हे आरंभीच सांगितलेले बरे. ही उणीव डॉक्टरला अज्ञात असते, सर्वांनाच अज्ञात असते असे नाही. ज्या रुग्णालयात रोगी उशिरा पोहोचतो तेथील निवासी डॉक्टरला ती दिसते. रोग्याच्या घरच्यांना ती मागाहून उमजते. आणि चौकातील औषधविक्रेत्याला तर कोणत्या दवाखान्यातून कोणत्या चिठ्ठ्या येतात ह्याची इत्थंभूत माहिती असते. तेव्हा प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा नसून ज्ञान योग्य त्या माणसापर्यंत परत न पोहोचण्याचा आहे. ह्या विषयावरील पुष्कळसे लेखन ही गोष्ट दृष्टिआड करते, आणि म्हणूनच ते प्रश्नावलीच्या पलीकडे जात नाही.

स्वमूल्यमापनाच्या मर्यादा आता केवळ तर्काने सिद्ध करण्याची आवश्यकता उरलेली नाही. २००६ साली डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांचे स्वतःविषयीचे मत आणि त्यांच्या कौशल्याचे बाहेरून केलेले मापन ह्यांची तुलना करणारे अभ्यास एकत्र तपासले. अशा २० तुलनांपैकी १३ मध्ये दोहोंत संबंध अल्प होता, मुळीच नव्हता, किंवा चक्क उलटा होता. त्याहून विचारात पाडणारी गोष्ट अशी की, ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी आणि ज्यांचा आत्मविश्वास सर्वांत अधिक त्यांचेच स्वतःविषयीचे अनुमान अधिकांत अधिक चुकत असल्याचे त्यांतील अनेक अभ्यासांत आढळले. म्हणजे ज्याला शिक्षणाची निकड अधिक तोच ते मागण्याची शक्यता कमी.

महाराष्ट्रातील ह्याचे उत्तम उदाहरण हृद्रोगाचे नाही, क्षयाचे आहे. तथापि पद्धतीच्या दृष्टीने ते इतके बोलके आहे की त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. उपलेकर आणि शेपर्ड ह्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धारावीतील १०० खाजगी डॉक्टरांना क्षयावरील उपचार लिहावयास सांगितले, तेव्हा ८० निरनिराळ्या उपचारयोजना निघाल्या. उदवाडिया, पिंटो व उपलेकर ह्यांनी जवळजवळ दोन दशकांनी तोच प्रश्न मुंबईत पुन्हा विचारला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०६ पैकी केवळ ६ डॉक्टरांना बिनचूक चिठ्ठी लिहिता आली, आणि योजनांची संख्या ६३ भरली. ह्या दोन अभ्यासांचे खरे महत्त्व त्यांच्या आकड्यांत नाही. ते त्यांनी विचारलेल्या प्रश्नात आहे. ‘तुम्हांला क्षयाविषयी काय शिकावेसे वाटते?’ असे न विचारता ‘तुम्ही काय लिहाल ते लिहून दाखवा’ असे त्यांनी म्हटले. पहिल्या प्रश्नाने मागणी कळली असती. दुसऱ्याने गरज कळली. आणि मधल्या वीस वर्षांत क्षयावरील व्याख्यानांचा मुंबईत दुष्काळ होता असे कोणी म्हणणार नाही.

हा धडा हृद्रोगाकडे आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण ह्या पट्ट्याकडे नेला म्हणजे काय दिसते? ह्या पट्ट्याची घडण डॉक्टरांच्या घडणीपेक्षा फार वेगाने झाली, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्याच दशकात टेल्को, बजाज ह्यांसारखे मोठे कारखाने पिंपरी व आकुर्डीच्या परिसरात उभे राहिले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. पुढे १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आला, आणि कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव मोटारींच्या नावाने ओळखले जाऊ लागले. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी ह्या गावांत शेताच्या बांधावर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. त्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, तसेच बिहार व उत्तर प्रदेशातून आलेली तरुण माणसे राहू लागली. ह्या खोल्यांच्या तोंडाशी जो एका गाळ्याचा दवाखाना असतो तो ह्या माणसांचा कुटुंबवैद्य. यद्यपि कुटुंब पुष्कळदा गावीच असते.

ह्या दवाखान्यात बसणारी व्यक्ती कोण? केवळ एम.बी.बी.एस. पदवीधर डोळ्यांसमोर ठेवून केलेले विवेचन येथे अपुरे पडते. आयुर्वेद व होमिओपॅथी ह्या शाखांचे पदवीधर शहरी कडेच्या वस्त्यांत मोठ्या प्रमाणावर प्रथमोपचारकाचे काम करतात. २०१४ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून होमिओपॅथिक पदवीधरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी केली. तिच्या इष्टानिष्टतेचा वाद अद्याप शमलेला नाही. प्रस्तुत विषयापुरते एवढेच म्हणता येईल की, छातीत कळ आलेला कामगार दारावरची पदवी वाचून आत शिरत नाही. ज्याचा दिवा रात्रपाळी सुटताना चालू असतो त्याच्याकडे तो जातो. शिक्षणगरजेचा अभ्यास पदवीनुसार डॉक्टर निवडू लागला की तो रोग्याच्या वाटेवरून ढळला असे समजावे.

आता प्रत्यक्ष उणिवांकडे वळू गेले असता प्रथम भाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि वैद्यकीय शिक्षणावरील लेखनात त्याची जितकी उपेक्षा झाली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची झाली असेल. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील हृद्रोगी छातीच्या मध्यावर मूठ धरतो आणि चिरडल्यासारखे दुखते असे सांगतो. चिंचवडच्या दवाखान्यातील रोगी तसे म्हणत नाही. त्याची ‘छाती भरून येते’, त्याला ‘कसेतरी होते’, त्याचा ‘जीव घाबरा होतो’, त्याला ‘गॅस वर चढतो’, त्याचा डावा हात ‘जड पडतो’, किंवा जिना चढताना ‘दम लागतो’. उत्तरेकडचा कामगार ‘घबराहट’ म्हणतो, आणि त्या एका शब्दात भीती, धडधड व गुदमर ही तिन्ही मावतात. ‘दुखते का?’ ह्या प्रश्नास ह्यांपैकी अनेक जण प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतील. कारण त्यांच्या भाषेत दुखणे निराळे आणि भरून येणे निराळे. त्यातही ‘गॅस’ हा शब्द विशेष घातक ठरतो. तो लक्षण म्हणून रोग्याच्या तोंडून येतो आणि निदान म्हणून डॉक्टरच्या कागदावर उतरतो. मधला विचार झालेलाच नसतो. मधुमेही रोग्यात तर वेदना अजिबात नसून केवळ घाम व थकवा असू शकतो, आणि स्त्रियांत पाठ, जबडा किंवा मळमळ हीच तक्रार पुढे येऊ शकते. ही उणीव कोणत्याही बहुपर्यायी परीक्षेत उघड होणार नाही, कारण परीक्षेच्या प्रश्नात रोगी पाठ्यपुस्तकाची भाषा बोलतो. तीच परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चुकू शकतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

दुसरी उणीव डोळ्यांची आहे. हृद्रोगी म्हणजे पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, बैठ्या व्यवसायाचा गृहस्थ, ही प्रतिमा मनात इतकी पक्की बसलेली असते की तीस-पस्तीस वर्षांचा सडपातळ यंत्रकामगार तिच्यात बसत नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाच्या २००७ मधील विश्लेषणात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र तो सुमारे ५८.८ व्या वर्षी येतो, असे आढळले. सडपातळपणाच्या फसवेपणाचा पुरावा तर पुण्याचाच आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांनी २००४ साली आपली दोघांची छायाचित्रे शेजारी छापली. दोघांचाही देहभारांक २२.३; परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के तर याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के. चिंचवडपासून दहा-पंधरा मैलांवर झालेले हे संशोधन जगभर उद्धृत होते. त्याचा एकमेव व्यावहारिक निष्कर्ष, म्हणजे वजनाच्या काट्याबरोबर कमरेला फीत लावणे, ज्या दवाखान्यांसाठी तो काढला गेला त्यांच्यात शिरला आहे किंवा नाही हे पाहण्यास फारसा खर्च येणार नाही. फीत आहे का एवढेच विचारावयाचे.

तिसरी उणीव सर्वांत गुप्त असते, कारण ती हृद्रोगाच्या नावाने दवाखान्यात येतच नाही. जुळणीच्या साखळीवर आठ तास उभा राहणारा कामगार पाठ, मान किंवा गुडघा घेऊन येतो आणि डायक्लोफेनॅकची सुई किंवा गोळ्या घेऊन जातो. ह्या वर्गातील वेदनाशामके रक्तदाब वाढवितात, शरीरात पाणी धरून ठेवतात. आणि २०१३ साली युरोपीय औषध संस्थेने तर हृद्रोग, पक्षाघात वा रक्तवाहिन्यांचा विकार झालेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये अशी सूचना काढली. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी रक्तदाब मोजला काय, हा प्रश्न पाठीच्या रोग्याविषयी विचारावयाचा असतो हे ज्याला सुचत नाही त्याला ती आपली हृद्रोगविषयक गरज आहे असे कसे वाटणार? पाळीच्या कामाचेही तसेच. अनेक अभ्यासांचे २०१२ साली जे एकत्रीकरण झाले त्यात पाळीने काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी अधिक दिसला. ह्या आकड्याचे कार्यकारण अजून वादग्रस्त मानले तरी एक साधी गोष्ट निर्विवाद आहे: दर आठवड्यास पाळी बदलणाऱ्या माणसाला ‘सकाळी नाश्त्यानंतर एक’ ह्या सूचनेचा अर्थ लागत नाही. त्याची सकाळ कधी दुपारी होते, कधी रात्री दहाला. औषध चुकते ते निष्काळजीपणामुळे, असा शेरा कागदावर पडतो.

पिंपरीच्या संदर्भात एक विसंगती नमूद केल्यावाचून राहवत नाही. देशाला पेनिसिलिन पुरविण्यासाठी सार्वजनिक क्षेत्रातील पहिला औषध-कारखाना ह्याच गावी उभा राहिला आणि १९५५ साली त्याचे उत्पादन सुरू झाले. संधिवातज्वरामुळे ज्या मुलांच्या हृदयाच्या झडपा बिघडतात त्यांना तीन-चार आठवड्यांनी एक अशी बेन्झाथीन पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे देत राहणे हाच पुढील बिघाड टाळण्याचा सिद्ध उपाय. परंतु सुईच्या प्रतिक्रियेच्या भीतीने ती देण्याचे टाळणारे डॉक्टर देशभर आहेत. झटक्याच्या चर्चेने हा जुना, गरिबाघरचा हृद्रोग इतका झाकोळला गेला आहे की शिक्षणाच्या मागणीत त्याचे नाव सापडणे दुर्मीळ.

शेवटी येतो तो रुग्णालयातून परतलेला रोगी. आजवरच्या शिक्षणवर्गांनी ह्या टप्प्याची जी हेळसांड केली आहे ती समर्थनीय नाही. झटक्याच्या घटकेत ॲस्पिरिनचे महत्त्व १९८८ साली ‘आयसिस-२’ ह्या १७,१८७ रोग्यांवरील चाचणीने निर्विवाद केले; एका महिन्याच्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. परंतु तो क्षण सरल्यावर रोगी पाच-सहा औषधांची यादी घेऊन आपल्या वस्तीत परततो आणि त्यानंतरची वीस वर्षे त्याला सांभाळावयाचे असते ते कुटुंबवैद्याने. कोणती गोळी कायमची, कोणती वर्षभराची, दात काढताना कोणती थांबवू नये, ‘आता बरे वाटते’ म्हणून रोग्याने सर्वच बंद केल्यास काय होईल, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुष्कळदा ती यादी त्याला दाखविलीही जात नाही. त्याला हा विषय आपला वाटत नाही, तो ‘मोठ्या डॉक्टरांचा’ वाटतो. येथे उणीव ज्ञानाची आहे त्याहून अधिक अधिकाराच्या जाणिवेची आहे.

मग ह्या गरजा हुडकावयाच्या कशा? धारावीच्या पद्धतीने लेखी चिठ्ठी मागविणे ही पहिली पायरी. परंतु तिच्याने डॉक्टर काय जाणतो एवढेच कळते. तो काय करतो हे पाहण्यासाठी जिष्णु दास व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातील खेड्यांत आणि दिल्लीत शिकविलेले बनावट रोगी पाठविले. त्यांतील एक अस्थिर हृद्‌शूळाचा होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात ग्रामीण मध्य प्रदेशात एका रोग्यास सरासरी ३.६ मिनिटे मिळाली, बिनचूक निदान विरळाच झाले, आणि योग्य उपचार मिळण्याच्या बाबतीत प्रशिक्षित व अप्रशिक्षित ह्यांच्यात लक्षणीय भेद दिसला नाही. पद्धत प्रभावी आहे. तरीही तिच्यावर दोन आक्षेप येतात. एक, ती परक्या माणसाची भेट मोजते, आणि कुटुंबवैद्याची खरी शक्ती तर वर्षानुवर्षांच्या ओळखीत असते. दुसरा अधिक गंभीर. दोष सापडला तो संशोधकास, डॉक्टरला नव्हे. जोपर्यंत तो निष्कर्ष त्या विशिष्ट दवाखान्यात परत जात नाही तोपर्यंत अज्ञात गरज अज्ञातच राहते, फक्त आता ती छापून आलेली असते.

ह्या दृष्टीने दोन जुन्या कुटुंबवैद्यांचे काम आजच्या पद्धतिशास्त्रापेक्षा अधिक मार्गदर्शक वाटते. जेम्स मॅकेन्झी हे १८७९ पासून जवळजवळ तीन दशके बर्नली ह्या कापडगिरण्यांच्या गावात साधा दवाखाना चालवीत. गरोदरपणात हृद्रोगाने दगावलेल्या एका स्त्रीमुळे हृदयाच्या ज्ञानातील आपली उणीव त्यांना तीव्रतेने जाणवली असे सांगतात. त्यांनी एका घड्याळजीच्या साहाय्याने नाडीचा आलेख काढणारे यंत्र घडविले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेच रोगी वर्षानुवर्षे पाहून कोणत्या अनियमित ठोक्याचे पुढे काय झाले ह्याची नोंद ठेवली. दुसरे ज्यूलियन ट्यूडर हार्ट. वेल्समधील ग्लिनकॉरग ह्या खाणकामगारांच्या खेड्यात त्यांनी दवाखान्यात आलेल्या प्रत्येक प्रौढाचा, तो कशासाठीही आलेला असो, रक्तदाब मोजण्याची शिस्त लावली आणि न आलेल्यांचा शोध घेतला. रक्तदाब वाढलेल्यांपैकी अर्ध्यांचेच निदान होते, त्यांतील अर्ध्यांनाच उपचार मिळतात आणि त्यांतील अर्ध्यांचाच रक्तदाब आटोक्यात असतो, ह्या ‘निम्म्यांच्या नियमा’चा प्रसार त्यांच्यामुळे विशेष झाला. दोघांनीही गरज बाहेरून ऐकली नाही. स्वतःच्या वहीत ती वाचली.

वही! ह्या एका शब्दापाशी पिंपरी-चाकणचा प्रश्न येऊन ठेपतो. एका गाळ्याच्या दवाखान्यात रोग्याचा कागद रोग्याजवळच असतो, किंवा नसतोच. ज्या डॉक्टरजवळ गेल्या महिन्यातील छातीच्या तक्रारींची यादी नाही त्याला त्यांतील कितीजण पुढे रुग्णालयात गेले हे कळण्याचा मार्ग नाही. आणि रोगी परत आला नाही तर तो बरा झाला असे मानण्याची मुभा त्याला सदैव असते. चाकणमध्ये ह्या मुभेला विशेष वाव आहे, कारण कंत्राट संपले की माणूस खोली सोडून जातो. भारतातील ‘क्रिएट’ नोंदपटात, ज्यात वीस हजारांहून अधिक रोगी होते आणि ज्याचे निष्कर्ष २००८ साली आले, लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे होता. त्या सहा तासांपैकी किती वेळ घरी गेला, किती रस्त्यात आणि किती पहिल्या दवाखान्याच्या बाकावर, ह्याची फोड त्या एका आकड्यातून होत नाही. कुटुंबवैद्याच्या शिक्षणाच्या दृष्टीने नेमकी तीच फोड हवी आहे.

एवढे सर्व मान्य केले तरी प्रत्येक उणिवेस शिक्षणगरज म्हणण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध स्पष्ट बोलले पाहिजे. दास आणि हॅमर ह्यांच्या दिल्लीतील अभ्यासाने दाखविले की डॉक्टर जितके जाणतात तितकेही करीत नाहीत. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात अनौपचारिक उपचारकांना नऊ महिने प्रशिक्षण दिले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत छातीदुखीसारख्या प्रसंगांतील त्यांची हाताळणी सुधारली, परंतु अनावश्यक औषधे देण्याचे प्रमाण घटले नाही. कारण उघड आहे. पहिली गोष्ट ज्ञानावर अवलंबून होती, दुसरी चरितार्थावर. चाकणच्या दवाखान्यातील डॉक्टरला छातीची कळ संशयास्पद आहे हे कळूनही तो रोग्यास पुढे पाठविण्यास कचरत असेल, तर त्याची कारणे व्याख्यानाने नाहीशी होणार नाहीत. खाडा पडला तर रोजंदारी बुडेल म्हणून रोगी स्वतःच नकार देतो. पाठविले आणि काही निघाले नाही तर तो पुन्हा येत नाही. आणि पाठविले, निघाले, तर ‘ह्यात डॉक्टरचे किती?’ हा संशय मागे उरतो. हा संशय निराधार नाही. रोगी पाठविण्याच्या मोबदल्यात मिळणाऱ्या ‘कट’विरुद्ध २०१७ साली महाराष्ट्र शासनाला कायद्याचा मसुदा तयार करवावा लागला होता. अशा वातावरणात प्रामाणिक डॉक्टर रोगी पाठविण्याचेच टाळू लागला तर ते अज्ञान नव्हे.

त्यातच शिक्षण कोण देते हाही प्रश्न आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुणांक मिळविण्याची अट डॉक्टरांवर आहे, आणि ते गुणांक बैठकीला हजर राहिल्याने मिळतात. बैठकीचा खर्च औषध-कंपनीने वा मोठ्या रुग्णालयाने उचललेला असल्यास विषयही त्यांच्या सोयीचा निघतो. यजमान रुग्णालयास पाठविलेला रोगी हवा असतो. पाठविण्याची गरज नसलेला रोगी ओळखावयास शिकविण्यात त्याला रस का असावा? रक्तदाबाची स्वस्त, जुनी गोळी नियमितपणे कशी चालू ठेवावी ह्यावर जेवणासह व्याख्यान ठेवणारा यजमान अजून पुढे यावयाचा आहे. ज्या मुंबईत रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधेवरील आपला अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध करून एका देशी मुळीला रक्तदाबाच्या जागतिक चिकित्सेत स्थान मिळवून दिले, त्या प्रांतात स्वस्त औषधाविषयी ही उदासीनता असावी हे चमत्कारिकच.

म्हणून ह्या पट्ट्यात कोणी विद्यार्थी शिक्षणगरजेचा अभ्यास हाती घेईल तर त्याने डॉक्टरांची प्रश्नावली शेवटी ठेवावी. आरंभ रुग्णालयाच्या दारापासून करावा. यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात झटका येऊन दाखल झालेल्या रोग्याला, किंवा त्याच्या नातलगाला, एवढेच विचारावे की पहिली कळ कधी आली, प्रथम कोठे गेलात, कोणते शब्द वापरून सांगितलेत, तेथे रक्तदाब मोजला काय, ई.सी.जी. काढला काय, आणि काय सांगून पाठविले. पहिल्या ई.सी.जी.त दोष न दिसल्यामुळे घरी गेलेल्यांची नोंद वेगळी ठेवावी, कारण झटक्याच्या आरंभी तो निर्दोष दिसू शकतो हे वाचून ठाऊक असणे आणि समोरच्या रोग्याविषयी आठवणे ह्यांत अंतर आहे. ह्या उत्तरांतून जी यादी तयार होईल ती डॉक्टरांच्या मागणीशी ताडून पाहिल्यास दोहोंतील अंतर हेच अज्ञात गरजेचे माप ठरेल. त्यातून शिक्षणाने भरून येणारा भाग कोणता आणि यंत्र, वेळ, वेतन ह्यांवाचून न भरणारा भाग कोणता, हे निराळे काढावे लागेल. दोन्ही एकाच मथळ्याखाली घालू नयेत.

आणि अशा अभ्यासाची एक अट असावी. प्रत्येक रोग्यामागे एक पत्र, नाव न फोडता व दोष न देता, त्या पहिल्या दवाखान्यात परत गेले पाहिजे: अमुक दिवशी पित्ताची तक्रार म्हणून आपल्याकडे आलेल्या गृहस्थांस हृदयविकाराचा झटका होता, ते अमुक वाजता येथे पोहोचले, त्यांना अमुक औषधे दिली असून ती वर्षभर बंद करू नयेत. पत्रास लागणारा कागद अर्धा पुरतो. ते लिहिण्याची जबाबदारी रुग्णालयातील कोणाची, हे मात्र आजमितीस कोणत्याही नियमावलीत स्पष्टपणे नेमून दिलेले दिसत नाही.